गॅलेरा क्लस्टर तीनवरून पाच नोडांवर नेताना प्रायव्हेट नेटवर्क कसं लावायचं

गॅलेरा क्लस्टरमध्ये, म्हणजे एकाच डेटाबेसची सारखी प्रत ठेवणाऱ्या मशीनांच्या गटात, नवा नोड (मशीन) घालायचा म्हटलं की सगळ्यांचं लक्ष नव्या मशीनकडे जातं. पण ते मशीन कोरं असतं. चुकलं तर पुसून परत उभं करता येतं. खरी मेख जुन्या तीन नोडांवर असते. तिथला मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा), फायरवॉल, पत्त्यांची यादी हे सगळं ‘आपण तिघंच’ असं धरून कोणीतरी कधीतरी लिहिलेलं असतं. म्हणून कामाचा क्रम उलटा ठेवायचा: आधी जुन्या नोडांचं नेटवर्क, मग नव्या नोडांचं, आणि दोन्हीकडून वाट मोकळी आहे हे पाहिल्यावरच नव्या मशीनवर मारियाडीबी सुरू करायचं.

इथे धरलेली मांडणी अशी आहे. उबुंटूवर चालणारे मारियाडीबी गॅलेराचे तीन नोड आहेत आणि प्रत्येकाला दोन नेटवर्क कार्डं आहेत, एक पब्लिक आणि एक प्रायव्हेट. प्रायव्हेट कार्डाचं नाव ईएनएस१९. सबनेट १०.२०.०.०/२९. त्यात .१ गेटवे, .२, .३, .४ डेटाबेस नोड, .५ आणि .६ प्रॉक्सी, म्हणजे विचारणा नोडांमध्ये वाटून देणारी मशीनं. नवे दोन नोड यायचे आहेत. सेटिंगांची आणि कमांडची नावं खाली उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये आणि टर्मिनलवर ती अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहायची, आकडेही इंग्रजीच.

आधी मास्क

/२९ मध्ये एकूण आठ पत्ते. पहिला नेटवर्कचा, शेवटचा .७ ब्रॉडकास्टचा, उरले सहा. सहाच्या सहा वापरात आहेत, म्हणजे नव्या नोडाला जागाच नाही. अशा वेळी पुष्कळ जण नव्या नोडांना .११ आणि .१२ देतात, त्यांच्यावर मास्क /२४ टाकतात आणि पुढे सरकतात. नवा नोड .२ ला पिंग करतो, उत्तर येत नाही, आणि मग अर्धा दिवस फायरवॉल चाळण्यात जातो.

फायरवॉलचा यात काही दोष नसतो. .११ च्या दृष्टीने .२ शेजारीच आहे. .२ चा मास्क मात्र अजून /२९ आहे, त्यामुळे त्याच्या लेखी .११ परगावचा. उत्तराचं पॅकेट तो डिफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे पब्लिक कार्डातून बाहेर ढकलतो आणि ते तिथेच मरतं. रिव्हर्स पाथ फिल्टर (पॅकेट आलं त्याच कार्डातून परतीची वाट आहे का हे पाहणारा) कडक असेल तर जुना नोड नव्याच्या एआरपी विचारणेलाही, म्हणजे ‘हा पत्ता कोणाच्या कार्डाचा?’ या प्रश्नालाही, उत्तर देत नाही. पॅकेटं दाखवणारा टीसीपीडंप लावला तर विचारणा जाताना दिसते, परत काहीच येत नाही.

चांगली गोष्ट ही की जुन्या नोडांचे मास्क एकेक करून, क्लस्टर चालू ठेवून बदलता येतात. .२, .३, .४ हे पत्ते दोन्ही मास्कांत बसतात. त्यामुळे .२ वर /२४ आणि .३ वर अजून /२९ असं काही वेळ राहिलं तरी त्यांचं आपसातलं बोलणं थांबत नाही. क्रम असा:

१. मोठ्या सबनेटचा उरलेला भाग दुसरीकडे कुठे वापरात नाही ना, ते राउटरवर आणि व्हीपीएनच्या रूटमध्ये पाहा. १०.२०.०.१२८ पासून पुढचा तुकडा कोणीतरी चाचणीच्या मशीनना देऊन ठेवलेला असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

२. .२ वर नवा मास्क जोडा: आयपी अ‍ॅड्रेस अ‍ॅड १०.२०.०.२/२४ डेव्ह ईएनएस१९. मग जुना काढा: आयपी अ‍ॅड्रेस डेल १०.२०.०.२/२९ डेव्ह ईएनएस१९. हाच क्रम ठेवा. आधी जोडलं की पत्ता मशीनवरून क्षणभरही जात नाही आणि चालू टीसीपी जोडण्या तुटत नाहीत. उलट केलंत तर मधल्या वेळात पत्ताच नसतो.

३. खात्री करा: आयपी रूट गेट १०.२०.०.११. उत्तरात थेट ईएनएस१९ आणि सोर्स म्हणून १०.२०.०.२ दिसायला हवा. ‘व्हाया’ असा शब्द आला तर पॅकेट अजून गेटवेकडेच चाललंय.

४. नेटप्लॅनच्या, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, फाइलमध्येही /२४ लिहा आणि ‘नेटप्लॅन जनरेट’ चालवून फाइल वाचली जातेय हे पाहा. ही पायरी राहिली तर पुढच्या रीबूटला जुना मास्क परत येतो. तेव्हा महिने उलटलेले असतात आणि कारण कोणाच्याच लक्षात नसतं.

तिन्ही नोड, मग दोन्ही प्रॉक्सी. किपअलाइव्हडीचा फिरता पत्ता (एक प्रॉक्सी पडली की दुसरीवर जाणारा) असेल तर त्याच्या फाइलमधला मास्कही बघून घ्या.

/२८ घेऊन चौदा पत्त्यांत भागवायचा मोह होतो. नको. प्रायव्हेट पत्त्यांना पैसे पडत नाहीत, आणि मास्क बदलायचं काम एकदाच करावं असं आहे. फक्त १७२.१७.०.०/१६ टाळा, तो डॉकरचा ठरलेला ब्रिज आहे. १९२.१६८.१२२.०/२४ लिबव्हर्ट घेतं. यांपैकी एखादं क्लस्टरला दिलं आणि त्याच नोडवर पुढे कोणी डॉकर बसवलं, तर नोड शेजाऱ्यांना स्वतःच्याच पोटात शोधत बसतो.

क्लाउडवर चित्र थोडं वेगळं. एडब्ल्यूएसमध्ये सबनेट एकदा बनवलं की त्याचा आकार बदलत नाही, शिवाय प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते ते स्वतःसाठी राखून ठेवतात. सर्वांत लहान /२८ घेतलं तर हातात अकराच उरतात. तिथे त्याच व्हीपीसीत (क्लाउडवरच्या आपल्या खासगी नेटवर्कात) दुसरं सबनेट काढायचं, दोघांमधला रूट आपोआप असतो. गूगल क्लाउडमध्ये सबनेट मोठं करता येतं, परत लहान नाही. एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये तीन झोन (एकमेकांपासून वेगळी डेटा सेंटरं) आहेत, तिथे पाच नोड २, २, १ असे वाटा. कोणताही एक झोन गेला तरी किमान तीन उरतात आणि कोरम (बहुमत) टिकतो. झोनाझोनांतल्या वाहतुकीचं बिल मात्र येतं, आणि गॅलेरात प्रत्येक लेखन प्रत्येक नोडकडे जातं, हे खर्चाच्या अंदाजात धरा.

नव्या नोडचं कार्ड

नेटप्लॅनमध्ये ईएनएस१९ ला स्थिर पत्ता १०.२०.०.११/२४ द्या. डीएचसीपी बंद. गेटवे लिहायचाच नाही. डिफॉल्ट रूट पब्लिक कार्डाकडे आधीच आहे; दोन ठिकाणी गेटवे दिला की कधी याच्यातून, कधी त्याच्यातून अशी गंमत सुरू होते, आणि ती नेमकी रीबूटनंतर दिसते. रेड हॅटच्या घराण्यात एनएमसीएलआयने आयपीव्ही४ नेव्हर-डिफॉल्ट ‘येस’ करायचं.

कार्डाला नावाऐवजी मॅक पत्त्याने ओळखू द्या. व्हर्च्युअल मशीनला पुढे तिसरं कार्ड जोडलं की नावं सरकू शकतात, आणि मग डेटाबेसचा पत्ता भलत्याच तारेवर जाऊन बसतो. बदल लागू करताना ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनी मांडणी परत येते. एसएसएचवरून काम करणाऱ्याला एवढी उसंत पुरे.

‘होस्ट्स’ फाइलही एकदा उघडा. डेबियन आणि उबुंटू मशीनच्या नावापुढे १२७.०.१.१ लिहितात. क्लस्टरच्या सेटिंगमध्ये नावं वापरली तर नोड स्वतःलाच हाक मारत बसतो. म्हणून गॅलेराच्या फाइलमध्ये सरळ आकडी पत्ते द्या.

एमटीयू: पिंग चालतं, डेटा चालत नाही

यात सगळ्यांत जास्त वेळ खाणारी चूक हीच, म्हणून सावकाश.

जुन्या नोडांवर कोणीतरी जंबो फ्रेम, म्हणजे एमटीयू (एका पॅकेटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९००० लावलेला असतो. नव्या नोडवर तो १५०० राहिला तर टीसीपी सांभाळून घेतं, कारण जोडणी करताना दोन्ही टोकं आपापली मर्यादा सांगतात आणि लहान आकडा घेतला जातो. पण दोन्ही टोकांना ९००० आणि मधल्या नव्या स्विचवर, किंवा हायपरवायझरच्या ब्रिजवर, १५०० असेल तर दोघांनाही सगळं आलबेल वाटतं. मोठी फ्रेम स्विच मुकाट्याने टाकून देतो, कोणाला कळवतही नाही.

मग जे दिसतं ते फसवं असतं. पिंग चालतं. पोर्ट उघडे दिसतात. नोड सामीलही होतो, क्लस्टरचा आकार चार दिसतो, कारण ही सगळी बोलणी छोट्या पॅकेटांत होतात. पूर्ण डेटाची नक्कल सुरू झाली की सगळं गोठतं. नवा नोड ‘जॉइनिंग’वर अडकतो, दात्या (नक्कल देणाऱ्या) नोडच्या लॉगमध्ये नवी ओळ येत नाही, आणि लोक नक्कल करणाऱ्या मारियाबॅकअपला शिव्या घालतात.

तपासणी एका ओळीची आहे. पिंगला ‘एम डू’ पर्याय देऊन तुकडे करायला मनाई करा आणि आकार ८९७२ ठेवा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट गेले की एवढंच उरतं. एमटीयू १५०० असेल तर १४७२. ही पिंग प्रत्येक जुन्या नोडवरून प्रत्येक नव्याकडे, नव्याकडून जुन्याकडे, आणि नव्या दोघांमध्येही करा. एक जोडी राहिली तर नेमकी तीच नडते.

नेटवर्क व्हीएक्सलॅनवर (दुसऱ्या नेटवर्कच्या पोटातून चालणाऱ्या नेटवर्कवर) असेल तर आवरणाचे ५० बाइट जातात आणि १४५० उरतात. गूगल क्लाउडमध्ये नव्या नेटवर्कचा एमटीयू ठरलेला १४६० असतो, एडब्ल्यूएसच्या व्हीपीसीत ९००१ पर्यंत चालतं. मधला रस्ता कोणाच्या हातात आहे हेच माहीत नसेल तर सगळीकडे १५०० ठेवा, व्हीएक्सलॅन असेल तर त्याहून कमी. क्लस्टर वाढवायच्या रात्री जंबो फ्रेमचा हट्ट धरू नये.

आकार जमला की वेग. आयपर्फ३ (पोर्ट ५२०१) ने मोजा. एक गिगाबिटच्या तारेवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा हवा. ९४ च्या आसपास आला तर तार किंवा पोर्ट १०० मेगाबिटवर वाटाघाट करून बसलाय.

पोर्ट

चार पोर्ट, सगळे टीसीपी. ४५६७ क्लस्टरच्या आपसातल्या बोलण्याचा. ४५६८ थोडा मागे पडलेला नोड गाठून आणण्याचा, ज्याला आयएसटी म्हणतात. ४४४४ पूर्ण नकलेचा, म्हणजे एसएसटीचा. ३३०६ ग्राहकांचा, म्हणजे डेटाबेसला विचारणा करणाऱ्यांचा. ४५६७ यूडीपी फक्त मल्टिकास्ट वापरत असाल तरच लागतो.

दिशेचा घोळ इथे नेहमी होतो. ४४४४ आणि ४५६८ वर ऐकत बसतो तो डेटा घेणारा नोड, आणि दाता त्याच्याकडे जोडणी करतो. म्हणजे वाट नव्या मशीनवर उघडी हवी. पण उद्या .३ बंद पडून परत आला तर घेणारा तो असेल आणि दाता कदाचित .११. म्हणून नियम पाचही मशीनवर, पाचही पत्त्यांसाठी सारखाच लिहा. उबुंटूच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये ४४४४, ४५६७ आणि ४५६८ साठी सोर्स म्हणून पाच पत्ते, ३३०६ साठी प्रॉक्सींचे पत्ते वाढवायचे. सबंध /२४ ला मोकळीक द्यायचा आळस करू नका, आत्ताच तो सबनेट मोठा केलाय आणि उद्या त्यात काय येईल सांगता येत नाही. क्लाउडच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये सोर्स म्हणून तोच ग्रुप दिला की पुढचा नोड आपोआप आत येतो.

रेड हॅटच्या घराण्यात एसईलिनक्स ही सुरक्षा व्यवस्थाही मधे येते. तिथे ४४४४ हा पोर्ट केर्बेरोसच्या नावावर आधीच नोंदलेला असतो. त्यामुळे तिच्या सेमॅनेज कमांडने नवी नोंद घालायला गेलं की ‘आधीच आहे’ असं उत्तर मिळतं. तिथे जोडण्याऐवजी बदलण्याचा पर्याय वापरायचा.

मारियाडीबी सुरू होण्याआधी ४४४४ वर कोणीच ऐकत नसतं, त्यामुळे वाट खुली आहे का हे नुसतं बघून कळत नाही. नव्या नोडवर एनसी कमांडने ४४४४ वर ऐकत बसा आणि जुन्या तिघांवरून जोडून बघा. ‘रिफ्यूज्ड’ आलं तर पॅकेट पोचतंय पण कोणी ऐकत नाही, किंवा फायरवॉल तोंडावर नकार देतोय. नुसतं लटकून राहिलं तर फायरवॉल मुकाट्याने पॅकेट गिळतोय किंवा रूट चुकलाय.

मारियाडीबीची फाइल

नव्या नोडवर मारियाडीबीची तीच मुख्य आवृत्ती, मारियाबॅकअप आणि सोकॅट ही पॅकेजं बसवा, पण सर्व्हर सुरू ठेवू नका. उबुंटूवर पॅकेज बसल्याबरोबर सर्व्हर आपण होऊन उठतो; त्याला थांबवा.

सर्वांत महत्त्वाची ओळ म्हणजे डब्ल्यूएसआरईपी_नोड_अ‍ॅड्रेस. ती दिली नाही तर गॅलेरा पहिल्या कार्डाचा पत्ता उचलतं, आणि पहिलं कार्ड बहुधा पब्लिक असतं. मग नवा नोड दात्याला सांगतो, ‘डेटा या पब्लिक पत्त्यावर पाठव’. फायरवॉलने अडवलं तर नक्कल टाइमआउट होऊन पडते. अडवलं नाही तर प्रकरण जास्त वाईट, कारण सबंध डेटाबेस बाहेरच्या तारेवरून जातो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. .११ वर ती ओळ १०.२०.०.११ अशी लिहा.

जोडीला डब्ल्यूएसआरईपी_प्रोव्हायडर_ऑप्शन्समध्ये जीएमकास्ट.लिसन_अ‍ॅडर देऊन ४५६७ फक्त प्रायव्हेट पत्त्यावर ऐकायला लावा, नाहीतर तो सगळ्या कार्डांवर उघडा असतो. बाइंड-अ‍ॅड्रेसने हे काम होत नाही. ती ओळ फक्त ३३०६ ची. पण तीही बघा, कारण डेबियनच्या घराण्यात ती १२७.०.०.१ असते आणि प्रॉक्सीला नोड मेलेला दिसतो.

डब्ल्यूएसआरईपी_क्लस्टर_अ‍ॅड्रेसमध्ये जीकॉम पुढे पाचही पत्ते लिहा. जुन्या नोडांच्या फाइलमध्येही यादी पाचाची करा, पण त्यासाठी त्यांना रीस्टार्ट करू नका. चालू क्लस्टरला नवे सभासद आपोआप कळतात, यादी पुढच्या सुरुवातीसाठी असते. चालू सर्व्हरवर ‘सेट ग्लोबल’ने तर अजिबात बदलू नका, त्याने नोड क्लस्टरमधून सुटून पुन्हा जोडायला जातो. आणि यादी रिकामी ठेवून, किंवा ‘गॅलेरा_न्यू_क्लस्टर’ने, नवा नोड कधीही सुरू करायचा नाही. तो एकट्याचाच नवा संसार थाटतो, आणि प्रॉक्सीने त्याच्याकडे लेखन पाठवलं तर डेटाचे दोन वेगळे प्रवाह तयार होतात.

टीएलएस (वाहतुकीचं एन्क्रिप्शन) नसेल आणि लावायचं असेल तर ते वेगळ्या दिवसाचं काम ठेवा. प्रायव्हेट नेटवर्क म्हणजे गुप्त नेटवर्क नव्हे, त्यामुळे ते लावावं हे खरं. पण सर्वसाधारण मांडणीत तीन नोडांवर साधं आणि दोनांवर टीएलएस असं चालत नाही.

सामील करणं

एकेक नोड घ्या. दोन्ही नवे एकदम सुरू केले तर दोन दाते नकलेत गुंततात आणि अ‍ॅप्लिकेशनांचा भार झेलायला एकच जुना नोड उरतो.

दाता आधीच ठरवा. नव्या नोडवर डब्ल्यूएसआरईपी_एसएसटी_डोनरमध्ये ज्याच्यावर कमी भार आहे त्या नोडचं नाव लिहा आणि शेवटी एक स्वल्पविराम ठेवा. स्वल्पविरामाचा अर्थ, ‘हा नसला तर दुसरा कोणीही चालेल’. तो नसेल आणि दाताही नसेल तर सामील होणं तिथेच थांबतं. पद्धत मारियाबॅकअप ठेवा. आरसिंकने दात्याची लेखनं नक्कल होईपर्यंत अडतात.

वेळेचा हिशोब सोपा. एक गिगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी, प्रत्यक्षात ११० च्या आसपास. २०० जीबी डेटाला साधारण अर्धा तास. याच तारेवरून रोजचं रेप्लिकेशनही चालतंय, आणि गॅलेरात प्रत्येक कमिट सगळ्यात लांबच्या नोडपर्यंत जाऊन येईतो थांबतं. तार भरली की अ‍ॅप्लिकेशनं मंदावतात. म्हणून दात्यावर ‘एसएसटी’ विभागात आरलिमिट ६०एम असा लगाम लावा. त्यासाठी पीव्ही हे पॅकेज लागतं. मग तासभर जाईल, जाऊ दे.

.११ ‘सिंक्ड’ झाला की लगेच .१२ कडे वळा. चार नोडांवर रात्र काढू नका. स्विचमधली एक तार निसटून क्लस्टर दोन-दोन असा फुटला तर कोणाकडेच बहुमत राहत नाही आणि दोन्ही बाजू लेखन नाकारतात. पाचवं मशीन उशिरा येणार असेल तर तोवर गार्बडी हा बिनडेटाचा पंच एखाद्या प्रॉक्सीवर बसवा. नेटवर्कची वाट मात्र त्यालाही तेवढीच लागते: ४५६७, चारही नोडांशी.

सगळं जुळलं का

‘शो स्टेटस’मध्ये क्लस्टर_साइझ ५, क्लस्टर_स्टेटस ‘प्रायमरी’, आणि प्रत्येक नोडवर स्टेट_कमेंट ‘सिंक्ड’. इन्कमिंग_अ‍ॅड्रेसेसमध्ये पाचही पत्ते १०.२०.०. ने सुरू व्हायला हवेत. एखादा पब्लिक दिसला तर त्या नोडची नोड_अ‍ॅड्रेस ओळ राहिलीय.

एवढ्यावर थांबू नका. तीन नोडांत आपसातल्या तीन जोडण्या असतात, पाचांत दहा. या दहांतली एखादी होत नसेल, समजा .११ आणि .१२ मधली वाट फायरवॉलने अडवलीय, तरी गॅलेरा तिसऱ्या नोडामार्फत निरोप पोचवतं आणि वरचे सगळे आकडे बरोबर येतात. लक्षण फक्त लॉगमध्ये दिसतं: ‘टर्निंग मेसेज रिले रिक्वेस्टिंग ऑन’, आणि पुढे ‘नॉनलाइव्ह पीअर्स’ म्हणून ज्याच्याशी बोलणं होत नाही त्याचा पत्ता. सामील होताना ही ओळ क्षणभर येऊन लगेच ‘ऑफ’ झाली तर काळजी नको. ‘ऑन’वरच राहिली तर ती जोडी शोधून वाट मोकळी करा. नाहीतर मधला नोड देखभालीला बंद केल्यावर आणखी एक नोड अकारण संशयात सापडतो: ठरलेल्या सेटिंगनुसार ५ सेकंद गप्प राहिलेला नोड संशयित आणि १५ सेकंदांनी बाद. डब्ल्यूएसआरईपी_ईव्हीएस_डिलेड रिकामं आहे ना, तेही पाहून ठेवा.

प्रॉक्सीच्या यादीत नवे नोड सगळ्यांत शेवटी, दोघंही ‘सिंक्ड’ झाल्यावर घाला. सुरुवातीला वजन कमी ठेवा, कारण त्यांचा बफर पूल (मेमरीतला डेटाचा साठा) अजून थंड असतो. आणि ५२०१ साठी फायरवॉलमध्ये केलेलं भोक बुजवायला विसरू नका.